बिनबोल्या दयारामचा आवाज

दयाराम कोळ्याला कुणी फुकट चहा पाजला, तर तो आधी कपात बघायचा आणि मग पाजणाऱ्याच्या तोंडाकडे. पनवेलच्या कोळीवाड्यात त्याचा हा स्वभाव सगळ्यांना पाठ होता. डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या की तो एका मेडिकलवाल्याकडून नाव वाचून घ्यायचा आणि चार दुकानं पुढे जाऊन दुसऱ्याकडून तेच नाव पुन्हा वाचून घ्यायचा. लग्नाच्या पत्रिकेत आपलं नाव खालून दुसरं छापलं, म्हणजे त्यात काहीतरी डाव आहे, अशी खात्री पटून त्याने एकदा सख्ख्या मेव्हण्याशी आठ महिने अबोला धरला होता. त्याची बायको ठमाबाई मासळी बाजारात बसायची. ती गिऱ्हाइकांना सांगायची, "आमच्या यांना देव भेटला ना, तरी पयलं आधार कार्ड मागतील."

आणि अशा या माणसाला मोबाइलवर बघून दोन लाख लोक हसत होते.

त्याचं असं झालं. दयारामची बावीस वर्षं उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात सिग्नलमन म्हणून गेली. क्रेनवाला साठ फूट वर काचेच्या खोलीत, हा खाली उन्हात, आणि मध्ये इंजिनांचा असा कल्ला की आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येऊ नये. तिथे काय सांगायचं ते हातांनीच. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, खाली करून फिरवलं की सोड, आणि हात आडवा पसरून झपकन बाजूला नेला की जिथे असशील तिथे थांब. वीस-वीस टनांचे डबे त्या एका हातावर अधांतरी थांबायचे. क्रेनवाले कुणी बिहारचे, कुणी ओडिशाचे, कुणी केरळचे. त्यांची भाषा याला येत नव्हती आणि याची त्यांना. पण काम थांबलं की दयाराम खालून हातांनीच मॅनेजरची चाल, सुपरवायझरची ढेरी, कस्टमच्या साहेबाचं चष्मा पुसणं असं सगळं करून दाखवायचा आणि वर काचेत माणसं पोट धरून हसायची.

पुढे गुडघे गेले, नोकरी सुटली, पण हात काही गप्प बसेनात. एकदा अंगणात सुकत घातलेल्या बोंबलांवर कावळा आला, तर दयाराम त्याला क्रेनवाल्यासारखे सिग्नल द्यायला लागला. कावळाही मान वाकडी करून बघत राहिला. दवाखान्यात रिसेप्शनला बसणाऱ्या त्याच्या मुलीने, रोशनीने, ते मोबाइलवर टिपलं आणि 'बिनबोल्या दयाराम' असं नाव देऊन इंटरनेटवर टाकलं. तीन वर्षांत असे दीडशे व्हिडिओ झाले. एकातही तो अक्षर बोलला नव्हता.

लोकांना वाटायचं, ही त्याची युक्ती आहे. खरी गोष्ट वेगळी होती. दहावीत असताना पनवेलच्या शाळेत गॅदरिंगला त्याला सेनापती केलं होतं. छातीत बाण लागलेला, मरता मरता राजाला निरोप द्यायचा प्रसंग. दयारामने मन लावून म्हटलं, "महाराज, शत्रू येशीवर आला हाय, आता आमी काय वाचत नाय." अख्खा हॉल हसला. पहिल्या रांगेतले मास्तरसुद्धा हसले. पोरगा मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिला आणि पडदा पडेपर्यंत त्या हसण्यात कोणाकोणाचा आवाज आहे ते ओळखत राहिला. तेव्हापासून कोळीवाड्याबाहेरच्या माणसासमोर तो कामापुरतंच बोलायचा. आपण तोंड उघडलं की लोक विनोदाला हसत नाहीत, आपल्याला हसतात, हे त्याने एकदाच ठरवून टाकलं होतं.

तसंच चाललं असतं, पण घरात आई होती. सोनाबाई, वय चौऱ्याऐंशी. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे सहा वर्षांपूर्वीच नेले होते, म्हणजे पोराचं नाव व्हायच्या तीन वर्षं आधी. टीव्हीवर त्याचा व्हिडिओ लावला की घरदार हसायचं आणि ती विचारायची, "काय केलंन?" कुणीतरी सांगायला लागेपर्यंत पुढची गंमत निघून जायची. मग ती सगळ्यांचं हसून झाल्यावर एकटीच थोडं हसायची. तिचं ते मागाहूनचं हसणं दयारामला फार लागायचं. परक्या मुलखातली माणसं आपल्याला बघून हसतात आणि जिने आपल्याला बोलायला शिकवलं तिच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही, या विचाराने तो कधी कधी जेवता जेवतासुद्धा उठायचा.

अशात विचुंब्याहून सत्यजीत आला. पुण्यात जाहिरातींच्या कंपनीत नोकरी करून कंटाळलेला हा तिशीतला माणूस. विचुंब्याच्या नव्या सोसायटीत त्याचा फ्लॅट होता आणि त्यातल्या एका खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून त्याने स्टुडिओ केला होता. त्याला दयारामला घेऊन दहा-दहा मिनिटांचे सहा विनोदी भाग करायचे होते. बोलके.

"काका, शंभर वर्षांपूर्वी सिनेमा बोलायला लागला, तेव्हा मूकपटातल्या विनोदी नटांपुढे हाच प्रश्न होता," सत्यजीत उत्साहाने म्हणाला. "इतकी वर्षं गप्प राहून हसवलं, आता बोलायचं कसं?"

"मंग त्यांचं काय झालं?"

"काहींचं खूप छान झालं."

"आनि बाकीच्यांचं?"

सत्यजीत समोरचं पाणी उचलून प्यायला. दयारामने ते नीट बघून ठेवलं.

"आनि माजी भाषा? ती बदलनार तुमी?"

"अजिबात नाही! आहे तशीच ठेवायची. तीच तर गंमत आहे."

झालं. गंमत म्हटल्याबरोबर दयारामच्या डोळ्यांसमोर तो शाळेचा हॉल उभा राहिला. भाषा बदलली तर आपण आपले राहत नाही, आणि नाही बदलली तर ती गंमत. म्हणजे हा माणूस आपल्याला दोन्हीकडून धरतोय. तो नाही म्हणणारच होता, तेवढ्यात आतल्या खोलीतून सोनाबाईचा आवाज आला. "मंजे, मना पन आयकाया येल?"

आणि दयाराम, त्याच्या स्वभावाला न शोभेल इतक्या पटकन, हो म्हणाला.

करारनामा आला तेव्हा त्याने तो रोशनीकडून तीनदा वाचून घेतला. त्यात एक ओळ होती, की आवश्यकता वाटल्यास कलाकाराचा आवाज बदलण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहील. दयारामने त्या ओळीवर बोट ठेवलं. ते बोट काही हलेना.

"काका, हे सगळ्यांच्याच करारात असतं. पण नको असेल तर खोडू," असं म्हणून सत्यजीतने ओळ खोडली आणि शेजारी सही केली. "तुम्हाला विचारल्याशिवाय दुसऱ्याचा आवाज लावणार नाही. माझा शब्द."

दुसरा कुणी असता तर निवांत झाला असता. दयारामची त्या दिवसापासून झोप उडाली. एवढी महत्त्वाची ओळ हा माणूस एका फटक्यात खोडतो, म्हणजे ती दुसरीकडे कुठेतरी नक्की लिहिलेली असणार.

पहिला भाग कळंबोलीच्या लोखंड बाजारात होता. गोष्ट साधीच होती. जाळी वाळत घालायला एकच लांब सळई हवी म्हणून एक कोळी बाजारात येतो आणि तिथे टनाच्या खाली कुणी बोलायलाच तयार नाही. शूटिंगला गेल्या गेल्या दयारामला कोपऱ्यात एक वाळलेला, पन्नाशीचा माणूस दिसला. ऊन असून गळ्याला मफलर, कानावर हेडफोन, हातात वही. तो कुणाशी बोलत नव्हता, मधूनमधून थर्मासमधलं कोमट पाणी पीत होता. दयारामने काही वाक्य म्हटलं की वहीत काहीतरी लिहीत होता.

"हे कोन?"

"कमलाकरदादा. आवाजाचं तेच बघतात. नाटकात पण कामं केलीत त्यांनी."

आवाजाचं बघतो. नाटकात काम केलंय. गळा जपतो. दयारामने मनातल्या मनात तिन्ही गोष्टी जोडल्या आणि त्याला सगळं स्वच्छ दिसलं. तोंड आपलं आणि आवाज याचा. आपण नुसते ओठ हलवायला आणलेले बाहुले.

आता तो कामाला लागला. शर्टाला लावलेला छोटा माईक जेवणाच्या सुट्टीतही ऐकत असणार, म्हणून त्याने तो कुणाच्या नकळत बनियनच्या आत खोचून टाकला. आणि दुसरी युक्ती तर त्याला स्वतःलाच इतकी आवडली की संध्याकाळी घरी येऊन त्याने ती रोशनीला खुशीत सांगितली. "मी वाक्य बोलतो ना, तवा तोंड दिसूच देत नाय. कदी गमछा आडवा धरतो, कदी पाठ करतो, कदी टोपली उचलतो. तोंडच दिसलं नाय, तर परक्याचा आवाज चिकटवनार कुठं?"

रोशनी त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो बाबा, पण तोंड दिसलं नाही तर—"

"तुला त्यानंच शिकवून धाडलीय," दयाराम म्हणाला आणि हात धुवायला गेला. यापुढे या कामात तिने पडायचं नाही, असंही त्याने बजावलं. रोशनी चिडली आणि तिनेही तो विषय सोडला.

चार दिवस शूटिंग चाललं. दयारामचं ते बोलताना तोंड लपवणं सत्यजीतला बेहद्द आवडलं. वाक्य म्हणायची वेळ आली की हा माणूस सळयांच्या मागे जातो, वजनकाट्याच्या पाटीआड वाकतो, आणि बाहेर राहतात फक्त हात. माणसं हसून हसून बाजूला बसत होती. सत्यजीत एवढा खूश का आहे, हे मात्र दयारामला कळेना, आणि कळेना म्हणून तो आणखीच सावध झाला.

आठवड्याने सत्यजीतचा फोन आला. कळंबोलीच्या ट्रेलर-ट्रकांनी आवाजाची वाट लावली होती. हॉर्न, ब्रेक, लोखंड उतरवण्याचे दणके, आणि या सगळ्याखाली दयारामचं बोलणं गोधडीत गुंडाळल्यासारखं. कमलाकरने वहीत कुठे कुठे गडबड झाली ते टिपून ठेवलं होतं, पण शेवटी एक वाक्य धड निघत नव्हतं. "काका, विचुंब्याला या. बंद खोलीत सगळी वाक्यं परत म्हणायची आहेत. दोन तासांचं काम आहे."

बंद खोली म्हटल्यावर दयारामला उरलेलंही कळून चुकलं. हल्ली मशीनला माणसाची चार वाक्यं मिळाली तरी ते त्याच्याच आवाजात वाट्टेल ते बोलतं, हे त्याने चहाच्या टपरीवर ऐकलं होतं. म्हणजे याला आपला स्वच्छ आवाज हवाय. एकदा मिळाला की ना आपण लागणार, ना आपली सही. "बगतो," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. दुसरा फोन आला तेव्हा गुडघ्याचं कारण सांगितलं. मग त्याच्या ध्यानात आलं की फोनवरसुद्धा आपला आवाज भरून घेत असतील. तेव्हापासून त्याने सत्यजीतच्या फोनवर बोलणंच बंद केलं. उचलायचा, कानाला लावायचा, आणि ऐकायचा.

शेवटचा फोन एका गुरुवारी सकाळी आला. दयाराम अंगणात उभा होता.

"काका, ऐकताय ना? रविवारी भाग लावायचा कबूल केलंय मी. तुम्ही आलात तर उत्तमच, आज रात्रीपर्यंत कधीही या. नाहीतर तुमची वाक्यं कमलाकरदादांकडून म्हणून घेतो. मी शब्द दिलाय, म्हणून विचारतोय. नको असेल तर फक्त नको म्हणा. एकदाच म्हणा, मी सगळं थांबवतो."

शेवटी माणूस बोलला! ज्याची भीती होती तेच. नको, नको, हजारदा नको. पण तो शब्द तोंडातून काढायचा म्हणजे मशीनला आयता द्यायचा. फोन डाव्या कानाला तसाच धरून त्याने उजवा हात आडवा पसरला आणि झपकन बाजूला नेला. थांब. जिथे असशील तिथे थांब. बावीस वर्षांत हा हात बघून न थांबलेला क्रेनवाला झाला नव्हता. त्याने पुन्हा एकदा, आणखी जोरात हात नेला. कुंपणावरचा कावळा उडाला.

"बरं, मग तुमची हरकत नाही असं समजतो," सत्यजीत जरा थकलेल्या आवाजात म्हणाला आणि फोन बंद झाला.

हात खाली आल्यावर दयारामला कळलं की आपल्याला कुणी बघितलेलंच नाही. परत फोन लावावा असं त्याच्या मनात दोनदा आलं. पण हासुद्धा आपल्याला बोलतं करायचा डाव असेल तर? शिवाय ओळ खोडलेली आहे, सही आहे, तोंड कुठेच दिसत नाही. तो स्वतःची समजूत घालत संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

रविवारी सकाळी अकरा वाजता दयारामच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ठमाबाईने बाजार बुडवला होता. सोनाबाईने जपून ठेवलेलं हिरवं लुगडं काढलं होतं, आणि तिला टीव्हीच्या इतकं जवळ बसवलं होतं की तिचा हात काचेला लागावा. रोशनीने भाग लावला. लोखंड बाजार दिसला, ट्रेलर दिसला, सळयांच्या ढिगामागून दयारामचे दोन हात वर आले आणि आवाज आला, "अवो शेट, मना येकच सळई पायजे."

खणखणीत, घोटलेला, नाटकातला आवाज. 'मना' आणि 'पायजे' अगदी जागच्या जागी. घरात हशा पिकला. दुसरं वाक्य, तिसरं वाक्य, शेजारणी एकमेकींच्या अंगावर पडून हसायला लागल्या. हा आवाज दयारामचा नाही, हे दोघाचौघांच्या लक्षात आलं असेल, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. सिनेमात असंच असतं.

दयाराम भिंतीला टेकून उभा होता. रागाने त्याची कानशिलं तापली. आपला संशय खरा ठरला याचा त्याला एरवी आनंद व्हायचा. आज झाला नाही. कारण त्याची नजर आईवर होती. सोनाबाई हसत नव्हती. कान पुढे करून, कोणाच्या तरी येण्याकडे लक्ष लावून बसली होती. चार मिनिटं झाली, पाच झाली. मग तिने शेजारी बसलेल्या रोशनीचा हात ओढला.

"गो, यो कोन बोलतंय कवाचा? माजा दयाराम कवा येनार?"

दयाराम तडक अंगणात गेला आणि त्याने सत्यजीतला फोन लावला. या वेळी मात्र तो बोलला, शिव्यांसकट बोलला. सत्यजीतने ते सगळं ऐकून घेतलं.

"काका, तुमच्या तोंडून 'नको' यावं म्हणून मी त्या दिवशी अर्धं मिनिट थांबलो होतो," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? तुमचं तोंड दिसत असतं ना, तर दुसऱ्याचा आवाज बसलाच नसता. तुमचाच लागला असता. मी उचलून आणलं असतं तुम्हाला. पण सगळीकडे तुम्ही पाठमोरे. कमलाकरदादा तर म्हणाले, एवढं सोपं काम आयुष्यात केलं नाही."

रोशनीचं ते अर्धं राहिलेलं वाक्य दयारामला आठवलं. ज्या परक्या आवाजाच्या भीतीने एवढी राखण केली, त्याला दार आपणच उघडून दिलं होतं. त्याला इतकी लाज वाटली की घरात परत जाऊ नये असं झालं. पण आत आई वाट बघत होती.

तो आत गेला. भाग संपत आला होता. तो सोनाबाईच्या शेजारी खाली बसला, गुडघा कुरकुरला, आणि रोशनीला म्हणाला, "आवाज बंद कर. पयल्यापासून लाव."

चित्र सुरू झालं. सळयांच्या मागून हात वर आले. आणि भरलेल्या घरात, टीव्हीला पाठ करून, आईकडे तोंड करून दयाराम बोलला, "अवो शेट, मना येकच सळई पायजे." आवाज जाडाभरडा, पहिल्या शब्दाला चिरकलेला. पण बसला. तोंड दिसतच नव्हतं, मग का नाही बसणार? सोनाबाईची मान एकदम त्याच्याकडे वळली. शेठचं वाक्यही त्यानेच म्हटलं, हमालाचंही म्हटलं, आणि टनाच्या खाली बोलायचं नाही असं म्हणणाऱ्या काट्यावाल्याशी तो असा काही भांडला की सोनाबाई हसली. सगळ्यांच्या आधी हसली. पदराने डोळे पुसत, पुढचं वाक्य यायच्या आतच हसत सुटली.

बोलता बोलता दयारामचे हात सुटले होते. बोट गोल फिरत होतं, पंजा आडवा जात होता, त्याचा वारा आईच्या तोंडाला लागत होता. तिने चाचपडून ते दोन्ही हात धरले आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून दाबले.

"हात नको हालवू रं," ती म्हणाली. "आयकाया येतंय मना."

घरात कुणीतरी हसलं, मागून आणखी कुणीतरी. ते कोण आणि कशाला हसतंय हे बघायला दयारामने मान वळवली नाही. हात आईच्या मांडीवर तसेच ठेवून त्याने उरलेला भाग शेवटपर्यंत बोलून दाखवला.